संगणकाचा गाभा आणि त्याच्या आवृत्त्या

इतिहासाच्या शिक्षकांनी संगणकाविषयी का लिहावे, असा प्रश्न काहींना पडेल. परंतु लिनक्सलाही इतिहास आहे. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिला. १९९२ साली तो अशा परवान्याखाली आला की, त्याची मूळ संहिता वाचण्यास, बदलण्यास आणि वाटण्यास कोणासही आडकाठी राहिली नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराची बंदी होती, त्यांना याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांचा कारभार कर्नल पाहतो. त्यातील त्रुटी सापडत राहतात, म्हणून नव्या आवृत्त्या येतात. उबंटूमध्ये टर्मिनल उघडून 'युनेम -आर' ही आज्ञा (अर्थात रोमन लिपीत) दिली की चालू आवृत्ती दिसते, उदाहरणार्थ, ५.१५.०-९१-जेनेरिक. यातील ५.१५ ही मूळ कर्नलची मालिका, तर ९१ हा उबंटूने दिलेला क्रमांक. पहिला आकडा बदलला म्हणजे क्रांती झाली असे मात्र नव्हे. पुढचे आकडे फार वाढले की टोरवाल्ड्स तो बदलतात, इतकेच.

येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा. बसविलेला कर्नल आणि चालू कर्नल हे एकच असतील असे नाही. नवा बसविला तरी यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत जुनाच काम करतो. सुरक्षेची दुरुस्ती उतरवून घेतली, पण यंत्र महिनोन्‌महिने पुन्हा सुरूच केले नाही, तर ती दुरुस्ती कागदावरच्या कायद्यासारखी राहते.

जुने कर्नल साठले की 'बूट' हा विभाग वेगळा व लहान असल्यास भरून जातो आणि पुढील अद्ययावतीकरण अडते. अशा वेळी तेथील फायली हाताने पुसू नयेत. 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' ही आज्ञा चालू कर्नल राखून निरुपयोगी झालेले काढते. काय काढले जाणार, त्याची यादी ती आधी दाखवते. ती वाचल्याशिवाय होकार देऊ नये. आधीचा एक चालता कर्नल शिल्लक ठेवावाच. देणगीत मिळालेल्या जुन्या यंत्रांवर नव्या कर्नलने कधी पडदाच उजळत नाही. तेव्हा सुरुवातीच्या ग्रब यादीतील प्रगत पर्यायांतून जुना निवडता येतो, आणि मुलांचा तास बुडत नाही.