घडियालाचे वय आणि अर्थसंकल्पाचे वर्ष

चंबळ म्हटले की दरोडेखोरांच्या कथा आठवतात. परंतु इंदूरजवळ महूच्या डोंगरात उगम पावून इटावा जिल्ह्यात यमुनेस मिळणारी ही नदी सार्वजनिक आयव्ययाच्या अभ्यासकाला वेगळाच धडा देते. वन्यप्राण्यांसाठी सरकारने पैसा खर्चावा का, असे मी वर्गात विचारतो तेव्हा चर्चा बहुधा 'किती' या शब्दापाशी थांबते. 'किती काळ' हा प्रश्न मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. चंबळच्या घडियालाचे उदाहरण त्यासाठी घेऊ.

घडियाल हा मगरीच्या कुळातला, लांब निमुळत्या जबड्याचा, मासे खाऊन जगणारा प्राणी. मराठी ग्रंथांत त्याला सुसर म्हणतात. नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा फुगवटा येतो, त्यावरून घडियाल हे नाव पडले. मादी मार्च-एप्रिलमध्ये काठच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिले बाहेर पडतात. त्यांतली बहुतेक पहिल्याच पुरात नाहीशी होतात. जी वाचतात त्यांतल्या मादीला वयात यायला सुमारे दहा वर्षे लागतात, नराला सुमारे पंधरा.

१९७४ च्या सुमारास भारतातील नद्यांत दोनशेहून कमी घडियाल उरले होते. १९७५ मध्ये केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला. १९७८-७९ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश यांच्या हद्दींत राष्ट्रीय चंबळ अभयारण्य घोषित झाले. नदीकाठची अंडी गोळा करून लखनौजवळील कुकरैल, मुरैन्याजवळील देवरी अशा केंद्रांत ती उबवायची, पिले सुमारे तीन वर्षे वाढवायची आणि मग नदीत सोडायची, अशी पद्धत होती. पिलांची संख्या वाढली. हेतू साध्य झाला असे मानून १९९१ मध्ये केंद्राने या कामाचा निधी थांबविला.

आता थोडे गणित करू. १९७६ साली अंड्यातून निघालेला नर १९९१ साली जेमतेम वयात येत होता. म्हणजे सोडलेल्या पिलांची पिले नदीत टिकतात की नाही, हे कळण्याआधीच हिशेबाची वही मिटली. पुढे प्रौढ घडियालांची एकूण संख्या १९९७ मधील ४३६ वरून २००६ मध्ये १८२ वर आली. २००७-०८ च्या हिवाळ्यात चंबळमध्ये शंभराहून अधिक घडियाल मेले; त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती.

ही घट केवळ निधी थांबल्याने झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. धरणांनी प्रवाह आटला, वाळूउपशाने अंडी घालण्याच्या जागा गेल्या, मासेमारीच्या जाळ्यांत घडियाल गुदमरले. पण यातूनच दुसरा मुद्दा निघतो. पिले वाढविण्याचे केंद्र बांधले की ते दिसते, त्याचे उद्घाटन करता येते. काठावर रात्री गस्त घालणाऱ्या रखवालदाराचा पगार दिसत नाही, आणि तो दरवर्षी द्यावा लागतो. व्याघ्र प्रकल्पातही २०१५ पूर्वी एकदाच होणारा खर्च केंद्र पूर्ण देई, आवर्ती खर्चाचा मात्र निम्माच. ज्या राज्याची तिजोरी रिकामी, तेथे रखवालदारच आधी कमी होतो.

हा भार समाजाने का उचलावा? कारण जिवंत नदी ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ सर्वांना मिळतो, म्हणून स्वतःहून किंमत कोणीच देत नाही. उलट अभयारण्याचे निर्बंध सोसतो तो काठचा कोळी आणि वाळवंटात टरबुजे लावणारा शेतकरी. लाभ देशाचा आणि तोटा त्याचा, हे न्यायाला धरून नाही. त्याची भरपाई हाही संवर्धनाचाच खर्च समजला पाहिजे.

अलीकडच्या गणनांत चंबळमधील घडियालांची संख्या दोन हजारांवर गेली आहे. मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या बैठकीत पंतप्रधानांनी घडियालांसाठी नवा प्रकल्पही जाहीर केला. त्याचे स्वागत करताना माझी एक सूचना आहे. निधीची मुदत पंचवार्षिक हिशेबाने न ठरवता प्राण्याच्या पिढीने ठरवावी. नदीतच जन्मलेल्या मादीने नदीकाठी अंडी घातली आणि त्यांतली पिले जगली, हे गणनेत दिसेपर्यंत हात आखडता घेऊ नये.

आपल्या कृष्णेत घडियाल नाही, मगर आहे. तिचे आयुष्यही दीर्घ आहे. तिच्यासाठी उद्या एखादी योजना जाहीर झाली, तर विद्यार्थ्यांनी रकमेचा आकडा वाचून थांबू नये. ती रक्कम किती वर्षांसाठी आहे आणि काठावरच्या माणसाच्या वाट्याला त्यातले काय येणार आहे, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.