पाण्याची जागा

प्रस्तावना

‘पडीक जमीन’ हा शब्दप्रयोग आपण नेहमी ऐकतो. जिथे पीक येत नाही आणि घरही बांधता येत नाही, त्या जमिनीला पडीक म्हणून आपण मोकळे होतो. परंतु जी जमीन माणसाच्या तात्काळ उपयोगाची नाही, ती निरुपयोगीच असते काय? चेन्नई शहरातील एका दलदलीच्या परिचयातून या प्रश्नाचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण –
• पाणथळ जागेचे कार्य स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
• दलदल आणि शहरातील पूर यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
• आपल्या परिसरातील पाणथळ जागेचे निरीक्षण करू शकाल.

मूळ पाठ

दक्षिण चेन्नईत, वेळचेरीहून तांबरमकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून पळ्ळिकरणैची दलदल पसरली आहे. चेन्नईचा पाऊस महाराष्ट्रातल्यासारखा जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा नव्हे. तेथील बराचसा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्येकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. या दलदलीचे पाणलोट क्षेत्र सुमारे २५० चौरस किलोमीटर आहे. या भागात लहानमोठे अनेक तलाव आहेत. एक तलाव भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात उतरते आणि शेवटी सारे पाणी पळ्ळिकरणैला येऊन थबकते. तेथून ते ओक्कियम मडुवु या चिंचोळ्या वाटेने बकिंगहॅम कालव्यात व पुढे कोवळमच्या खाडीतून बंगालच्या उपसागराला मिळते. जमिनीला उतार अगदी थोडा असल्यामुळे हा प्रवास संथपणे होतो. तोपर्यंत पाणी धरून ठेवण्याचे काम दलदल करते.

येथे २०२१ मध्ये नागरिकांसाठी पर्यावरण उद्यान खुले झाले. त्यातील पायवाटेवरून दलदलीचे दर्शन घडते. २०२४ च्या जानेवारीतील एका रविवारी सकाळी एक मराठी कुटुंब तेथे फिरावयास आले होते. नोकरीनिमित्त चेन्नईस आलेला मुलगा, सून, बारा वर्षांची नात आणि रायगड जिल्ह्यातून महिनाभरासाठी आलेली आजी असे ते चौघे होते. येण्याचे निमित्त केवळ पक्षी पाहण्याचे नव्हते. दलदलीच्या कडेला एक भूखंड स्वस्तात मिळत होता आणि परतताना तो आईला दाखवावा, असा मुलाचा विचार होता.

पायवाटेच्या दोन्ही अंगांना पाणकणसाचे दाट रान होते. त्यातून जांभळ्या अंगाची, लाल चोचीची पाणकोंबडी डुलत बाहेर आली. उघड्या पाण्यावर काळे वारकरी पोहत होते. शेकाटे लांब गुलाबी पायांवर तोल सांभाळीत चिखल टोचत होते. दूरवर रोहित पक्ष्यांची रांग मान खाली घालून उभी होती.

“आजी, तो बघ, पाण्यावरून चालतोय!” नात म्हणाली.

“पाण्यावरून नव्हे गं, पानांवरून,” आजी हसून म्हणाली. “तो कमळपक्षी. त्याची बोटं बघ किती लांब आहेत. अंगाचं ओझं सगळ्या पानावर वाटलं जातं, म्हणून तो बुडत नाही.”

“आणि याची अंडी नर उबवतो, मादी नाही,” सुनेने माहितीफलकाकडे बोट दाखवीत सांगितले. “आई, तुमच्याकडे दिसतो का हा?”

“तळ्यावर दिसायचा पूर्वी. तळं बुजलं, तोही गेला.”

थोडे पुढे गेल्यावर भुवई बदकांचा थवा दिसला. हे बदक हिवाळा घालविण्यासाठी उत्तरेकडील थंड प्रदेशांतून हजारो किलोमीटर उडून येते. उथळ पाणी, चिखलातील किडे आणि वनस्पतींचे बी हे त्याचे अन्न. दलदल आटली वा बुजली, तर इतक्या लांबच्या प्रवासानंतर त्याने उतरायचे कोठे?

वाटेच्या टोकाशी आजी थांबली. दलदलीपलीकडे उंच इमारती दिसत होत्या. तिने मुलाला विचारले, “तू म्हणतोस ती जागा कुठे रे?”

त्याने त्या दिशेला हात केला. “आता तिथं कोरडंच आहे, आई. भराव टाकून घेतलाय.”

“जमीन कोरडी दिसते. पण पावसाचं पाणी आधी तिथं थांबत होतं, ते आता कुठं थांबायचं?”

मुलगा काही बोलला नाही. महिन्यापूर्वीच, ‘मिचौंग’ चक्रीवादळाच्या पावसात, त्यांच्या तळमजल्यावरील भाड्याच्या घरात गुडघाभर पाणी शिरले होते.

“आपल्याकडे खाजणात बांध फुटला की खाडीचं पाणी वाट विचारत बसत नाही,” आजी म्हणाली. “त्याला आपली जागा ठाऊक असते.”

त्या दिवशी भूखंड पाहण्यास कोणी गेले नाही. पुढे काय करावयाचे, हे मात्र घरात अजून ठरावयाचे होते. शहरात स्वतःचे छप्पर असावे ही इच्छा काही गैर नव्हे, आणि पगारदार माणसाला परवडेल अशी जागा बहुधा अशाच ठिकाणी मिळते.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर या दलदलीच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास ही दलदल आजच्यापेक्षा कितीतरी पटींनी विस्तृत होती. ‘पडीक’ समजून तिच्यावर रस्ते, वसाहती, कार्यालये आणि संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या. पेरुंगुडी येथे तर अनेक दशके शहराचा कचरा दलदलीतच टाकला गेला. डिसेंबर २०१५ च्या आरंभी जवळच्या तांबरम येथे एका दिवसात सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस झाला आणि दक्षिण चेन्नईतील वस्त्या पाण्याखाली गेल्या. इतका पाऊस कोणत्याही शहराला जड जातो, हे खरे. परंतु जे पाणी दलदलीत पसरले असते, त्यातील काही घराघरांत शिरले, हेही तितकेच खरे.

दलदली जगात सर्वत्र आढळतात, मात्र त्यांची रूपे निराळी असतात. आयर्लंड, स्कॉटलंड यांसारख्या थंड देशांत पाण्याखाली मेलेले शेवाळ पुरते कुजत नाही. त्याचे थर हजारो वर्षे साचत जातात. या थरांना पीट म्हणतात. पीटच्या दलदलींनी पृथ्वीवरील जमिनीचा केवळ ३ टक्के भाग व्यापला आहे, पण त्यांत जगातील सर्व जंगलांहून अधिक कार्बन साठलेला आहे. तेथील लोकही पूर्वी या जमिनीला निरुपयोगी समजून तिचे पाणी काढून टाकीत. आज तेथे लाकडी पायवाटांवरून कुटुंबेच्या कुटुंबे दलदल पाहण्यास जातात.

पाणथळींच्या रक्षणासाठी २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ मध्ये त्यात सहभागी झाला. महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वरला २०१९ मध्ये रामसर स्थळाचा मान मिळाला. पळ्ळिकरणै आणि ठाण्याची खाडी यांचा समावेश २०२२ मध्ये झाला. त्याआधी २००७ मध्ये पळ्ळिकरणैच्या ३१७ हेक्टर क्षेत्राला राखीव वनाचे संरक्षण मिळाले होते. अलीकडच्या काळात पेरुंगुडीचा जुना कचरा खणून, चाळून वेगळा करण्याचे कामही हाती घेण्यात आले.

कायद्याने उरलेली दलदल वाचेल. परंतु गावाजवळचे तळे, ओढ्याकाठचा सखल तुकडा, खाडीलगतचे खाजण यांची नोंद प्रत्येक वेळी सरकारी यादीत असतेच असे नाही. अशा जागेला पडीक म्हणण्यापूर्वी पावसाळ्यात तेथे काय घडते, हे पाहून यावे. जागा विकत घेतानाही हाच प्रश्न पहिला विचारावा.

शब्दार्थ

पाणथळ – वर्षभर वा काही काळ पाणी साचून राहणारी जमीन
पाणलोट क्षेत्र – ज्या प्रदेशातील पाणी एका ठिकाणी वाहत येते तो प्रदेश
सांडवा – तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याची वाट
खाजण – खाडीलगतची खारी, सखल जमीन

स्वाध्याय

१. तलावांतील पाणी पळ्ळिकरणैमार्गे समुद्रापर्यंत कसे पोहोचते, ते क्रमाने लिहा.
२. कमळपक्षी पानांवरून चालू शकतो. याचे कारण सांगा.
३. “त्याला आपली जागा ठाऊक असते,” या आजीच्या उद्गाराचा आशय स्पष्ट करा.
४. या कुटुंबाने भूखंड घ्यावा की नाही? दोन्ही बाजूंचा विचार करून आपले मत आठ-दहा ओळींत मांडा.
५. आपल्या परिसरातील एखादी बुजलेली पाणथळ जागा पूर्वी कशी होती, हे वडीलधाऱ्यांना विचारून टिपण लिहा.