छावणीचे दार उघडले, पण घर?



दुसऱ्या महायुद्धाचा शेवट आपण शाळेत एका ओळीत शिकलो : मे 1945 मध्ये जर्मनी शरण आली आणि नाझी राजवट संपली. त्या ओळीत आपल्या महाराष्ट्राचाही थोडा भाग आहे, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहोत.

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती. सुमारे 5,000 माणसे, बहुतेक स्त्रिया व मुले, आणि बहुतेक आपल्यासारखीच कॅथलिक. त्यांचे स्वतःचे चर्च होते, शाळा होत्या. 1939 साली हिटलर आणि स्टॅलिन यांनी पोलंड वाटून घेतला. हे लोक पूर्वेकडचे, म्हणून स्टॅलिनच्या वाट्याला गेले. मालगाड्यांत कोंडून त्यांना सायबेरिया व कझाकस्तानात नेले. 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ते इकडे आले. पुष्कळांचे पती व पिते पोलिश सैन्यातून इटलीत लढत होते.

त्याच आघाडीवर आपले मराठेही होते. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पार नेले आणि शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी त्याच नदीवर पोलिश पलटणीही चालून गेल्या. एकाचे घर नगरकडे, दुसऱ्याची लेकरे कोल्हापुरात!

इकडे छावण्यांची दारे उघडत होती. ऑशविट्झमध्ये सुमारे 11 लाख माणसे मारली गेली, त्यांतील सुमारे 10 लाख यहुदी. 27 जानेवारी 1945 रोजी तिथे सोव्हिएत सैन्य पोहोचले, तेव्हा जेमतेम 7,000 कैदी उरले होते. डाखाउ छावणी 29 एप्रिलला अमेरिकन सैन्याने मुक्त केली. तिथे सुमारे 2,700 धर्मगुरू व धर्मसेवक डांबले होते, निम्म्याहून अधिक पोलिश. त्यांतील 1,000हून अधिक तिथेच मरण पावले.

आता वळिवड्याच्या बाईचा विचार करा. तिला गाडीत कोंडणाऱ्या राजवटीच्याच सैन्याने ऑशविट्झचे दार उघडले. म्हणून ती मुक्ती खोटी ठरते का? आम्हांला तसे वाटत नाही. दार उघडणारा तरुण शिपाई आणि गाड्या भरण्याचा हुकूम देणारा, हे दोघे एक नव्हेत. मरणाच्या दारातून वाचलेल्याला कोणाचा हात धरला हे विचारायला सवड नसते. पण तिचे दुःखही तितकेच खरे. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टा येथे दोस्त राष्ट्रांनी पूर्व पोलंड स्टॅलिनकडे राहू दिला. तिच्या नवऱ्याची बाजू जिंकली, आणि तिचे गाव गेले. सेमिनरीत स्वातंत्र्याच्या व्याख्या आम्ही पुष्कळ पाठ केल्या. ही बाई त्यांपैकी एकीतही नीट बसत नाही.

जंगलातून उठवून सपाटीवर वसवलेल्या आपल्या मेळघाटच्या गावांतील म्हाताऱ्यांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही. दोन्ही गोष्टी सारख्या नव्हेत, पण गाव आठवणे सारखेच.

1947-48 मध्ये वसाहत रिकामी झाली. बहुतेक लोक पोलंडला न जाता इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. काहींच्या कबरी कोल्हापुरातच आहेत. येत्या रविवारी मिस्सामध्ये विश्वासूंच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी आणि छावण्यांत मेलेल्यांसाठी एक विनंती घेत आहोत.