वखारीचे फाटक : बिजागरी व कडी यांचा विचार

धान्याचा व्यापारी मालाची पारख करतो, काट्याकडे लक्ष ठेवतो, छपराची गळती पावसाळ्यापूर्वी काढून घेतो. परंतु ज्या फाटकातून हा सर्व माल आत येतो व बाहेर जातो, ते अडून बसेपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. सुरतेच्या पर्वत पाटिया भागात मालमोटारी, टेम्पो आणि हातगाड्या यांची वर्दळ मोठी. घरगुती दारासाठी घडविलेली बिजागरी अशा ठिकाणी कशी टिकावी? म्हणून या साध्या वाटणाऱ्या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

फाटकाची कडी कोयंड्यात बसेनाशी झाली की आपण लोहारास बोलावून कोयंडा अर्धा इंच खाली घेतो. काही महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार उभी राहते. याचे कारण असे की, रोग बहुधा कडीत नसून बिजागरीत असतो. बिजागरी झिजली अथवा खांबातून सैल झाली म्हणजे झडपेचे मोकळे टोक खाली झुकते. कडी फक्त ती बातमी देते.

हा भार किती असतो, हे साध्या हिशेबाने कळते. झडप ६ फूट रुंद व १५० किलो वजनाची आहे असे धरू. तिचे वजन मध्यभागी, म्हणजे बिजागरीपासून ३ फुटांवर एकवटलेले मानावे. दोन बिजागऱ्यांमध्ये ३ फूट अंतर असेल, तर वरची बिजागरी १५० किलोच्या जोराने खांबातून बाहेर ओढली जाते. तेच अंतर ५ फूट ठेवले, तर ओढ ९० किलोवर येते. खर्च न वाढविता मिळणारा हा लाभ आहे. उलट, ५ फूट अंतर असतानाही ३० किलो वजनाचे मूल मोकळ्या टोकाला लोंबकळून झोके घेऊ लागले, तर वरच्या बिजागरीवर ३६ किलोंची ओढ वाढते. झोक्याच्या हिसक्याने ती याहूनही अधिक होते. निखळलेले फाटक मुलाच्या अंगावर किंवा पाठीवर गोणी घेतलेल्या हमालाच्या अंगावर कोसळले, तर होणारी हानी कोणत्याही जमाखर्चात भरून निघत नाही.

सुधारणा करताना खांबापासून आरंभ करावा. विटांच्या सांध्यात ठोकलेली खुंटी पुरेशी नाही. खांब सिमेंट काँक्रीटचा अथवा लोखंडी असावा आणि त्याचा पाया खोल असावा. बिजागरी स्क्रूने न बसविता आरपार नट-बोल्टने किंवा पक्क्या वेल्डिंगने जोडावी. खालच्या बिजागरीच्या वाटीत पोलादी छर्रा अथवा बेअरिंग असावे, म्हणजे वजन त्यावर सुलभ फिरते. झडप उचलून कोणी काढू नये यासाठी वरच्या खिळीवर अडकण ठेवावी. सर्व बिजागऱ्या ओळंब्यात एका रेषेत असाव्यात. एरवी तिसरी बिजागरी साहाय्य करण्याऐवजी फाटक अडवून धरते. झडपेला तिरपा आधारही द्यावा. लोखंडी सळई वरच्या बिजागरीकडून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जावी, म्हणजे ती ताणून धरते. लाकडी दांडा खालच्या बिजागरीकडून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जावा, म्हणजे तो टेकू देतो.

वापर कमी करणे हाही एक उपाय आहे. १७३२ साली पूर्ण झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजात एक लहान दिंडी आहे. एकट्या-दुकट्या माणसाच्या जाण्या-येण्यासाठी संपूर्ण दरवाजा हलविण्याचे कारण पडत नाही. आपल्या फाटकातही अशी दिंडी ठेवल्यास मोठी झडप मालमोटारीपुरतीच उघडावी लागेल.

आता कडीविषयी. प्रथम बंद होणाऱ्या झडपेस वर व खाली खिट्टी असावी. खालची खिट्टी जमिनीत पुरलेल्या नळीत उतरावी, नुसत्या खड्ड्यात नव्हे. कडीवर झडपेचे वजन कधीही येऊ देऊ नये. तिचे काम केवळ धरून ठेवण्याचे आहे. फाटक उघडे असतानाही ते अडकविण्यास आकडा हवा, नाहीतर वाऱ्याने आपटून बिजागरी मोडते. वखारीत माणसे असताना बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीवाचून उघडले पाहिजे. २४ मे २०१९ रोजी सुरतेतच सरथाणा येथील तक्षशिला इमारतीच्या आगीत २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. बाहेर पडण्याच्या वाटेचे मोल या नगरीने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे.

पुराचाही विचार करावा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेचा मोठा भाग जलमय केला होता. आणि पर्वत पाटियाच्या परिसरास खाडीच्या पाण्याचाही उपद्रव होतो. १२ फूट रुंद, पत्र्याने बंद केलेल्या फाटकाच्या एकाच बाजूस ३ फूट पाणी साचल्यास त्यावर सुमारे १५०० किलोंचा दाब पडतो. म्हणून आवाराच्या फाटकाचा खालचा भाग गजांचा ठेवावा, आणि माल उंच जोत्यावर रचावा. बिजागऱ्या जस्त चढविलेल्या घ्याव्यात. पाणी ओसरताच त्या धुऊन, वाळवून नवे ग्रीस भरावे.

शेवटी आमची एक विनंती. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीच्या वहीपूजनाच्या सुमारास, प्रत्येक बंधूने फाटकाचे मोकळे टोक हाताने वर उचलून पाहावे. वरची बिजागरी खांबात हलताना दिसली, तर कोयंडा सरकवू नये. त्याच दिवशी कारागीर बोलवावा, आणि काम होईपर्यंत त्या झडपेजवळ मुलांना फिरकू देऊ नये.