‘साधं टाकू की पॉवर?’

सात रस्ता असो, विजापूर रोड असो की हैदराबाद रोड, सोलापुरात कुठल्याही पंपावर गाडी लावली की नोझल हातात घेतलेला मुलगा आधी विचारतो, ‘साधं टाकू की पॉवर?’ मागे दुचाकींची रांग, डोक्यावर ऊन आणि उत्तर तर लगेच द्यायचं. बहुतेक जण मनातल्या मनात एकच हिशेब करतात: महाग आहे म्हणजे चांगलंच असणार. गाडीची काळजी असलेला माणूस असाच विचार करतो. पण पेट्रोल महाग असणं आणि ते आपल्या गाडीला योग्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळायला सोलापूरच्या अनेकांना गॅरेजचं बिल भरावं लागलं आहे.

प्रस्तुत लेखकाच्या घरची छोटी पेट्रोल गाडी २०११ सालची. तिच्यात बरेच महिने ‘पॉवर’च जात होतं. एका सकाळी जुळे सोलापुरातल्या घराच्या पार्किंगमध्ये पेट्रोलचा उग्र वास आला. गाडी सुरू न करता मेकॅनिकला घरी बोलावलं, हे फार बरं झालं. त्यानं बॉनेट उघडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाईप दोन बोटांत धरून दाबला. घट्ट असायला हवा तो पाईप फुगून मऊ पडला होता, क्लिपेपाशी बारीक भेगा होत्या आणि तिथे पेट्रोलचा थेंब जमत होता. गरम इंजिनावर असा थेंब पडला तर आगीला निमित्त पुरतं. ‘पाईप जुना होताच,’ मेकॅनिक म्हणाला, ‘पण इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांचे पाईप लवकर जातायत.’ यात वयाचा दोष किती आणि इथेनॉलचा किती, हे एका गाडीवरून सांगता येणार नाही. महागड्या पेट्रोलनं पाईप वाचला नाही, एवढं मात्र डोळ्यांसमोर होतं.

तो वाचणार तरी कसा? ‘पॉवर’, ‘स्पीड’, ‘एक्सपी ९५’ या नावांमागे मुख्य गोष्ट असते ऑक्टेनची, आणि ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल दाबलं जातं, मग स्पार्क प्लगच्या ठिणगीनं ते पेटतं. मिश्रणाचा काही भाग दाबानं आणि उष्णतेनं आपणहून पेटला की इंजिन ‘नॉक’ करतं. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीनं, दुपारच्या उन्हात, वरच्या गिअरवर रेटत चढताना पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा जो आवाज येतो, तो हाच. पेट्रोल या अवेळी पेटण्याला किती दाद देत नाही, याचं माप म्हणजे ऑक्टेन. १९२०च्या दशकात अमेरिकेत ही मोजपट्टी ठरली: आयसोऑक्टेनला १००, हेप्टेनला शून्य. त्या काळी नॉकिंग थांबवायला पेट्रोलमध्ये शिसं घालत. माणसांच्या, विशेषतः मुलांच्या मेंदूला अपाय करणारं ते शिसं भारतात २००० साली बंद झालं.

ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला जास्त ऑक्टेन लागतं. काही महागड्या परदेशी आणि जोरकस टर्बो गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ९५ किंवा त्याहून अधिकची अट असते. ती पाळलीच पाहिजे. रस्त्यावरच्या बहुसंख्य भारतीय गाड्या मात्र ९१ ऑक्टेन धरून बनवलेल्या आहेत. अशा इंजिनात ९५ किंवा १०० घातल्यानं पिकअप वाढत नाही, ॲव्हरेजही वाढत नाही. प्रीमियम पेट्रोलमधली रसायनं इंजेक्टर स्वच्छ ठेवायला मदत करतात, हे मान्य. पण लिटरमागे सात-आठ रुपयांचा फरक धरला, तर पस्तीस लिटरच्या टाकीला अडीचशे रुपये जास्त जातात. तेवढ्या पैशांत वेळेवर एअर फिल्टर आणि प्लग बदलले, तर गाडीला त्याचा अधिक उपयोग होतो.

आता या सगळ्या हिशेबात इथेनॉल आलं आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई२० पेट्रोलची विक्री देशात फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झाली. आधी २०३० साठी ठेवलेलं उद्दिष्ट सरकारनं २०२५-२६वर आणलं, आणि आता ‘साधं’ म्हणून मिळतं ते ई२०च. इथेनॉलचं ऑक्टेन मुळातच जास्त असल्यामुळे ई२०च्या भारतीय मानकात किमान ९५ ऑक्टेन सांगितलं आहे. बीएस-६च्या साध्या पेट्रोलला ते ९१ होतं. म्हणजे निव्वळ ऑक्टेनसाठी ९५चं प्रीमियम घेण्याचं कारण बऱ्याच अंशी संपलं. ‘प्रीमियममध्ये इथेनॉल नसतं’ हा समजही काढून टाकावा. ९५च्या प्रीमियममध्येही इथेनॉल मिसळलेलं असतं. १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० साली बाजारात आलं तेव्हाच लिटरला १६० रुपयांच्या घरात होतं. रोज शाळा-ऑफिस करणाऱ्या गाडीला ते परवडणारं नाही.

सोलापूरकरानं इथेनॉलला शत्रू मानू नये. अकलूज, माढा, पंढरपूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या त्यावर चालतात, आणि साखर गोदामात पडून राहते तेव्हा इथेनॉलचा पैसा उसाच्या बिलाला आधार देतो. शेतात ऊस आणि दारात २०११ची गाडी, अशी घरं या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. म्हणूनच दोन्ही बाजू नीट कळायला हव्यात.

एक बाजू ॲव्हरेजची. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलं आहे की, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०ला जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२०वर सहा ते सात टक्क्यांनी घटू शकतं, तशाच दुचाकीचं तीन ते चार टक्क्यांनी. सोळा देणारी गाडी पंधरावर आली तर इंजिन बिघडलं असं समजून हजारो रुपये खर्चू नका. आधी टायरची हवा बघा, फिल्टर बघा.

दुसरी बाजू रबराची आणि पाण्याची. एप्रिल २०२३पासूनच्या गाड्यांचे पाईप, सील, गॅस्केट ई२० सोसणारे आहेत. त्याआधीच्या, विशेषतः दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचं तसं नाही. आरसी बुकात बनावटीचा महिना आणि वर्ष असतं, नव्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणापाशी ई२० लिहिलेलं असतं. जुनी गाडी असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला फ्युएल पाईप, ओ-रिंग आणि फिल्टर मुद्दाम तपासायला सांगा आणि ई२०ला चालणारेच पाईप बसवून घ्या. कार्ब्युरेटरच्या जुन्या दुचाकींच्या पत्र्याच्या टाकीत तांबडा गाळ साचतो का, तेही बघावं.

पाण्याचा प्रकार त्या मेकॅनिकनं करून दाखवला. काचेच्या अरुंद मापात ९० मिलिलिटर पेट्रोल घेतलं, १० मिलिलिटर पाणी घालून हलवलं आणि ठेवून दिलं. थोड्या वेळानं तळाशी पाण्याचा थर दिसला, पण तो १० मिलिलिटरचा नव्हता, जवळजवळ तिप्पट होता. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याबरोबर खाली उतरलं होतं. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘पेट्रोलमध्ये पाणी निघालं’च्या अनेक व्हिडिओंमागे हीच गोष्ट आहे, त्यावरून पंपवाल्याला चोर ठरवता येत नाही. पण पंपाच्या जमिनीतल्या टाकीत खरोखरच पाणी शिरलं तर तिथेही असंच होतं, आणि तो खालचा थर एखाद्या गाडीत गेला की ती पंपाबाहेर पडताच धक्के देऊन बंद पडते. आपल्याकडे मोठा पाऊस सप्टेंबरच्या सुमाराला पडतो. त्या दिवसांत जास्त खप असलेल्या पंपावर भरावं, टँकर खाली होत असताना थांबावं आणि गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. टाकी रिकामी असली की आत दमट हवा येते.

शंका आली तर ग्राहकाला पंपावरच तपासणी मागता येते. फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकायचा. तो उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यावा. शिक्का असलेल्या पाच लिटरच्या मापानं माप बघता येतं, आणि पेट्रोलची घनता त्या दिवसाच्या लिहून ठेवलेल्या घनतेशी ताडून बघता येते. बिल मात्र दर वेळी घ्या. त्याशिवाय तक्रार टिकत नाही.

ई२० बरोबरच इथेनॉलविना पेट्रोलचाही पर्याय ठेवावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५मध्ये फेटाळली. तेव्हा जुन्या गाडीवाल्यानं वेगळ्या पेट्रोलची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. गाडीच ई२०साठी तयार करून घ्यावी. तेल कंपन्यांना मात्र एक मागणं आहे. प्रत्येक नोझलवर इथेनॉल किती टक्के आणि ऑक्टेन किती, हे मराठीत, ठळक अक्षरांत, दराच्या आकड्याशेजारी लिहा. ‘साधं की पॉवर?’ला उत्तर देणाऱ्या माणसाला आपण काय विकत घेतोय, ते वाचता आलं पाहिजे.