दहावीनंतरचा निर्णय : आधी हाताला काम द्या

दहावीचा निकाल लागला की पेण आणि रोह्यातल्या घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो : सायन्स, कॉमर्स की डिप्लोमा? शेजारच्यांचा मुलगा पनवेलला क्लास लावतोय, मामा म्हणतो कॉम्प्युटरलाच पुढे भाव आहे, आजोबांना वाटतं नातीने बँकेत लागावं. प्रत्येक जण मुलाच्या भल्याचंच बोलत असतो. पण ज्याच्यावर निर्णय उभा राहायला हवा, ती माहिती बहुतेक घरांत कोणाकडेच नसते. आपल्या मुलाने आजवर कोणतं काम स्वतःच्या हाताने सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलं आहे? त्यात ते रमलं की कंटाळलं? काम बिघडल्यावर त्याने काय केलं? गुणपत्रिकेतून हे कळत नाही, आणि कल चाचणीतूनही पुरतं कळत नाही.

म्हणून पालकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. शाखा ठरवण्याआधी मुलाला वर्कशॉप, प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर या तिन्ही ठिकाणी खरं काम करू द्या, आणि ते करत असताना त्याच्याकडे नीट लक्ष ठेवा.

गागोद्यापासून पाबळपर्यंत

हा विचार पेणला परका नाही. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातउद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. तिचा आराखडा करायला झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि विनोबा त्या समितीत होते. ही कल्पनाच पुढे ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. तो वेळापत्रकात आला खरा, पण बऱ्याच शाळांत कागदी फुलं आणि भेटकार्डं यांच्यापुढे सरकला नाही.

तो पुढे कसा न्यायचा, हे महाराष्ट्राला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी दाखवलं. इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले कलबाग १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि तिथे त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. त्यांच्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयाला १९८७ मध्ये दहावीच्या बोर्डाची मान्यता मिळाली. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस चार विभागांत काम करायचं : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुलगे स्वयंपाक करतात, मुली वेल्डिंग करतात. गावाला लागणाऱ्या वस्तू बनतात आणि त्यांचा खर्चही मुलांनाच काढावा लागतो. हाच विषय पुढे बहुकौशल्य अभ्यासक्रम म्हणून राज्यातल्या अनेक शाळांत गेला.

पाबळच्या प्रयोगातून पालकांनी एक गोष्ट उचलावी. तिथे हातकाम ‘कच्च्या’ मुलांसाठी राखून ठेवलेलं नाही. सगळी मुलं सगळं करतात, आणि करता करता कोणाचा ओढा कुठे आहे ते उघड होतं.

वर्कशॉपमध्ये काय कळतं

आयटीआयमध्ये फिटरला प्रवेश घेतलेल्या मुलाच्या हाती सुरुवातीला मोठं यंत्र कोणी देत नाही. मिळते ती कानस, आणि व्हाइसमध्ये आवळलेला लोखंडी पट्टीचा तुकडा. तो घासून सपाट करायचा, कडा काटकोनात आणायच्या. झालं असं वाटलं की निदेशक त्यावर गुण्या ठेवायला लावतात आणि तुकडा उजेडासमोर धरायला सांगतात. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली, की तिथे खळगा राहिला आहे. पुन्हा कानस. चूक कोणी सांगावी लागत नाही, ती डोळ्यांना दिसते आणि ज्याची त्यानेच निस्तरायची असते. कोणी दुसऱ्याच खेपेला वैतागून कानस खाली ठेवतं, तर कोणी जेवणाची सुट्टी झाली तरी जागचं हलत नाही. हा फरक तुम्हाला दहावीच्या टक्केवारीत सापडणार नाही.

ज्याला हे काम आवडतं, त्याला आपल्या भागात दूर जावं लागत नाही. पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना आहे, रोहा तालुक्यात धाटावची औद्योगिक वसाहत आणि नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आहे. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ही माणसं अशा ठिकाणी रोज लागतात. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर अ‍ॅप्रेंटिसशिप करता येते.

प्रयोगशाळेत काय कळतं

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमधलं टायट्रेशन घ्या. शंकुपात्रात गरम केलेलं ऑक्झॅलिक आम्ल, वर ब्युरेटमध्ये जांभळं पोटॅशियम परमँगनेट. थेंब पडतो, रंग दिसतो आणि नाहीसा होतो. मग एका थेंबाला फिकट गुलाबी छटा येते आणि टिकते. तिथे हात थांबायला हवा. एखादा थेंब जास्त गेला की रीडिंग बाद. आणि रीडिंग जुळेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं.

इथे मुलाचा धीर कळतो, आणि खरेपणाही. न जुळलेलं रीडिंग जुळल्यासारखं लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. जे मूल ‘माझं आलं नाही, मी पुन्हा करतो’ असं म्हणतं, ते पुढे चांगलं केमिस्ट होऊ शकतं. धाटावसारख्या ठिकाणी गुणवत्ता तपासणीच्या टेबलावर आणि प्लँटवर अशाच माणसाची गरज असते, कारण तिथे खोट्या नोंदीची किंमत मालाला आणि कधी माणसांनाही मोजावी लागते.

या वाटेवर बी.एस्सी. रसायनशास्त्र आहे, केमिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा आणि पदवी आहे. माणगाव तालुक्यात लोणेरे इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. दहावीनंतर लगेच कामाकडे वळायचं असेल तर आयटीआयचे ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लँट’ आणि ‘लॅबोरेटरी असिस्टंट केमिकल प्लँट’ हे ट्रेड आहेत. पुष्कळ पालकांनी त्यांची नावंही ऐकलेली नसतात. ते कोणत्या आयटीआयमध्ये चालतात, हे अर्ज भरताना जरूर बघा.

स्वयंपाकघरात काय कळतं

पेणचे पोह्याचे पापड सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्यात केवढा अभ्यास आहे, हे एकदा मुलाला करून बघू द्या. पोह्याचं पीठ, मीठ, हिंग, तिखट, पापडखार, पाणी, सगळं वजनकाट्यावर मोजून घ्यायचं. पापडखार आम्लारी आहे. तो जास्त पडला तर पापड तळताना लाल होतो आणि कडवट लागतो, कमी पडला तर फुलत नाही. पापड लाटल्यावर वजन करा, वाळल्यावर पुन्हा करा. किती पाणी उडालं ते समजेल. नीट न वाळलेल्या पापडाला बुरशी का धरते, ते जीवशास्त्राच्या पुस्तकात शोधा. शेवटी एक किलो पापडांना साहित्य, इंधन आणि मेहनत धरून किती खर्च आला, ते मांडा. रसायन, जीवशास्त्र, गणित आणि धंदा, चारही धडे एका परातीत झाले.

जे मूल हिशोब आणि चव दोन्हींत रस घेतं, त्याच्यासाठी आयटीआयचा ‘फूड प्रॉडक्शन’ ट्रेड आहे, बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंट आहे. दादरची इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट १९५४ पासून हे शिक्षण देते. विज्ञानाची गोडी असेल तर कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांत अन्न तंत्रज्ञानाची बी.टेक. पदवी आहे. कोलाडच्या राफ्टिंगमुळे आणि अलिबाग-मुरूडच्या पर्यटनामुळे आपल्या जिल्ह्यात हॉटेलं आणि रिसॉर्टं वाढली आहेत. पण खाण्याची आवड आणि स्वयंपाकाची आवड यांत अंतर आहे. दहा माणसांचा स्वयंपाक, त्यानंतरची भांडी आणि ओटा हे सगळं एकदा मुलाकडून करून घ्या, मग ठरवा.

गणपतीच्या कारखान्यात

पेण, हमरापूर, जोहे इथले गणपतीचे कारखाने ही तर आपल्या दारातली प्रयोगशाळा. शाडूची मूर्ती सावलीत सावकाश का वाळवतात, प्लॅस्टर साच्यात घट्ट होताना गरम का लागतं, हे मुलाने हात लावून बघावं आणि मग विज्ञानाचं पुस्तक उघडावं. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराजवळ तासभर बसावं. ज्याची नजर तिथून हलत नाही, त्याला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षांना बसवा. त्यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, आणि शिल्पकला, उपयोजित कला, डिझाइन या वाटा तिथूनच दिसू लागतात. मात्र मुलाला तिथे न्यायचं ते शिकायला. चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीला ठेवणं गुन्हा आहे, आणि चौदा ते अठरा वयातही धोक्याची कामं वर्ज्य आहेत.

पालकांनी काय टिपावं

काम कोणतंही असो, चार गोष्टी बघा.

१. मोजमाप : मूल अंदाजाने घेतं की मोजून?

२. बिघाड : काम फसल्यावर सोडून देतं, दुसऱ्यावर ढकलतं की पुन्हा करतं?

३. सुरक्षितता : चष्मा, हातमोजे, ‘आम्ल पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी आम्लात नाही’ हे नियम कोणी बघत नसतानाही पाळतं का?

४. शेवट : हत्यारं पुसून जागेवर ठेवतं का? केलेल्या कामाची नोंद लिहितं का?

मुलगा आणि मुलगी, दोघांनाही तिन्ही ठिकाणी पाठवा. मुलीला कानस आणि मुलाला परात मिळालीच नाही, तर त्यांचा अर्धा कल आपणच झाकून ठेवतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*गुण चांगले आहेत, मग हातकामात वेळ का घालवायचा?* कारण चांगल्या गुणांच्या मुलासमोर वाटा जास्त असतात आणि चुकीची निवडही तितकीच सोपी असते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षालाही वर्कशॉप असतंच. ते आवडत नाही हे तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा नववीत कळलेलं बरं.

*सीईटीत प्रॅक्टिकल कुठे विचारतात?* सीईटी पर्यायी उत्तरांची असते, हे खरं. पण बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ३० गुण प्रॅक्टिकलचे आहेत. इंटिग्रेटेड कॉलेजात नाव घालताना तिथे प्रयोग खरोखर होतात का, हे विचारा. मित्राचं जर्नल उतरवून गुण मिळतील, पण हात तयार होणार नाही.

*आयटीआय केलं म्हणजे शिक्षण संपलं ना?* नाही. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. वाट लांब वाटेल, पण या वाटेवर कमाई लवकर सुरू होऊ शकते आणि हाताशी कसब असतं.

*आमच्या शाळेत वर्कशॉपच नाही, मग?* २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकायचं आहे. शाळेच्या पालकसभेत हे दिवस मागा. गावातला वेल्डर, गवंडी, पापड करणाऱ्या ताई, मूर्तिकार यांना शाळेत बोलावण्याची जबाबदारी पालकांनी उचलली, तर मुख्याध्यापकांचं काम हलकं होतं.

आता सुरुवात कशी करायची

मूल आठवीत किंवा नववीत असेल तर वेळ भरपूर आहे. दहावीत असेल तर परीक्षा संपल्यानंतरची सुट्टी आहे. एक वही करा. तिन्ही ठिकाणची मिळून पाच-सहा कामं ठरवा : एक स्टूल दुरुस्त करणं, घरातला एखादा स्विच बोर्ड जाणकाराच्या देखरेखीखाली, मेन बंद ठेवून जोडणं, विहिरीचं आणि नळाचं पाणी शाळेच्या प्रयोगशाळेत तपासून बघणं, पापड किंवा लोणचं मोजून मापून करणं. प्रत्येक कामाखाली मुलाने स्वतः लिहावं : काय केलं, कुठे चुकलं, काय आवडलं, किती खर्च आला. तुम्ही त्याच्याखाली वरच्या चार गोष्टींची दोन ओळींत नोंद करा. शेरे मारू नका, जे दिसलं तेवढंच लिहा.

प्रवेशाचा अर्ज भरायला बसाल तेव्हा गुणपत्रिकेशेजारी ही वही ठेवा आणि पहिला प्रश्न मुलाला विचारा : यातलं कोणतं काम तू पुन्हा करशील? त्याचं उत्तर ऐकून घ्या, आणि मगच मामा, शेजारी आणि क्लासवाले यांचा सल्ला घ्यायला बाहेर पडा.