अंबाडीची कापणी व वाखाची तयारी

आमच्या माळशिरस तालुक्यांत नीरा उजव्या कालव्याचें पाणी जेथें पोंचतें तेथें ऊंस उभा राहतो, आणि जेथें पोंचत नाहीं तेथें बाजरी व ज्वारी यांवरच भिस्त ठेवावी लागते. या जिराईत भागांत बाजरीच्या शेतांत व बांधाच्या कडेनें अंबाडीच्या चार ओळी पेरण्याची चाल पूर्वीं घरोघर होती. कोवळ्या पाल्याची भाजी होई, आणि वाखाचीं दावीं, कासरे व चऱ्हाटें घरींच वळलीं जात. नोकरींत असतांना आमच्या नजरेखालून पीकपाहणीचे पुष्कळ कागद गेले. त्यांत बाजरी व तूर लिहिलेली असे, परंतु बांधाकडच्या अंबाडीची नोंद सहसा नसे. म्हणून ती केव्हां नाहींशी झाली याचाही कागदोपत्रीं पत्ता लागत नाहीं.

नांवांतील घोटाळा.—इंग्रजींत अंबाडीस 'डेक्कन हेंप' व तागास 'सनहेंप' म्हणतात, आणि भांग-गांजाच्या झाडासही 'हेंप'च म्हणतात. अंबाडीचें पान कांहींसें गांजाच्या पानासारखें दिसतें म्हणून तिच्या शास्त्रीय नांवांतही 'कॅनाबिनस' हा शब्द आला आहे. परंतु हीं झाडें अगदीं वेगळ्या कुळांतील आहेत. अंबाडी ही भेंडी व कपाशी यांची भाऊबंद होय. तिच्या खोडावर बारीक कांटे असतात, आणि फूल मोठें, फिकट पिवळें व आंत गडद तांबडें असतें. गांजाचें फूल हिरवट व लहान असून पानाच्या पाकळ्या देठापर्यंत सुट्या असतात. अंबाडीला कोणतीही बंदी नाहीं. गांजाच्या झाडाची विनापरवाना लागवड मात्र १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें गुन्हा असून त्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. झाडें थोडीं आहेत किंवा घरच्यापुरतीं आहेत म्हणून लागवडीचा गुन्हा टळत नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आमची चूक.—पेन्शन घेतल्यावर आम्हीं हौसेनें बाजरीभोंवतीं अंबाडी लावली. ती दसऱ्याच्या सुमारास फुलावर आली. तेव्हां शेजारचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "भाऊसाहेब, आतां विळा लावा." परंतु बीही मिळावें व वाखही मिळावा या लोभानें आम्हीं बोंडें वाळेपर्यंत झाडें उभीं ठेविलीं. मग पाणी आटत चाललें म्हणून मोळ्या आठच दिवसांत बाहेर काढल्या. वाख खरखरीत निघाला, काडीचे कपटे त्यास चिकटूनच राहिले. तरीही आम्हीं त्याचें दावें वळलें. पुढील उन्हाळ्यांत एके रात्रीं तें तुटलें. बैल सुटून शेजारच्या कडवळाच्या खोडव्यांत शिरला. पाण्याच्या ताणांत वाढलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत जहाल विष असतें. डॉक्टर येण्यापूर्वींच जनावर गेलें. सकाळीं दाव्याचें तुटलेलें टोंक हातांत घेतलें तेव्हां पीळ चांगला होता; वाखच कच्चा होता. त्यावरून जो धडा मिळाला तो पुढें देत आहों.

कापणीची वेळ.—निम्म्या झाडांस फुलें आलीं म्हणजे कापणी करावी. जून-जुलैंत पेरलेली अंबाडी बहुधा दसरा-दिवाळीच्या दरम्यान या अवस्थेस येते. त्यापूर्वीं कापल्यास वाख मऊ पण थोडा व दुबळा मिळतो. बीं पक्व होईपर्यंत थांबल्यास साल काडीस घट्ट धरते आणि धागा राठ व ठिसूळ होतो. एकाच झाडापासून उत्तम बीं व उत्तम वाख मिळत नाहीं. बियांकरितां एका कडेचीं जोमदार झाडें राखून ठेवावीं व बाकीचीं निर्दयपणें कापावीं.

भिजत घालणें.—झाडें जमिनीलगत कापून जाड व बारीक अशीं निवडावीं, कारण दोन्ही एका वेळीं कुजत नाहींत. पेंढ्या बांधून दोन-तीन दिवस शेतांतच ठेवाव्या. पाला गळतो व तो जमिनीस मिळतो. नंतर पेंढ्यांचे बुडखे दोन-तीन दिवस हातभर पाण्यांत उभे करावे, कारण तेथील साल जाड असते. मग पेंढ्या आडव्या घालून वर दगड ठेवावे. मातीचीं ढेंकळें ठेवूं नयेत. त्यांनीं वाख काळवंडतो. पाण्यांतील सूक्ष्म जंतू साल व काडी यांना जोडणारा चिकट पदार्थ खातात, म्हणून वाख सुटतो. ऊबदार पाण्यांत दहा ते पंधरा दिवस पुरतात. थंडींत वीस किंवा अधिकही लागतात. आठव्या दिवसापासून रोज दोन काड्या काढून पाहाव्या. बुडख्यापासून शेंड्यापर्यंत साल सहज सरकली कीं त्याच दिवशीं पेंढ्या काढाव्या. त्यापुढें जंतू धाग्यासही सोडीत नाहींत.

हें काम पिण्याच्या विहिरींत किंवा मासे असलेल्या तळ्यांत कदापि करूं नये. पाण्यांतील प्राणवायू संपून मासे मरतात व दुर्गंधी सुटते. आमच्यासारख्या अवर्षणी तालुक्यास दुसरी युक्ति सोयीची आहे. ती ज्यूटच्या मुलुखांतही करून पाहिलेली आहे: ओल्या काड्यांची साल हातानें सोलून केवळ तीच भिजत घालावी. मग लहानसा खड्डा पुरतो, पाणी फार थोडें लागतें व दिवसही कमी लागतात. वापरलेलें पाणी शेतांत सोडावें.

धुणें व वाळविणें.—सुटलेला वाख स्वच्छ पाण्यांत आपटून धुवावा, पिळावा व दोरीवर पातळ पसरून वाळवावा. भुईवर टाकूं नये. अर्धओला वाख बांधून ठेविल्यास आंतून कुजतो. शंभर किलो ओल्या काड्यांपासून सुमारें चार-पांच किलो वाख मिळतो. हें प्रमाण पाहून निराश होऊं नये. काड्या चुलीस उपयोगी पडतात.

बाजारांत नायलॉनचें दावें स्वस्त मिळतें, हें आम्हांस ठाऊक आहे. तें जनावराच्या मानेस कांचतें व मोडल्यावर मातींत कुजत नाहीं, हेंही प्रत्येकानें पाहिलेलें आहे. घरचें दावें वळण्यास पीळ देणारे हात अजून गांवोगांव आहेत. परंतु दाव्याचें बळ पिळांत येण्यापूर्वीं तें विळा लावण्याच्या दिवशींच ठरतें. आमचा बैल गेला तो गेला; वाचकांनीं तरी येत्या दसऱ्यास फुलाकडे पाहून विळा हातीं घ्यावा, इतकीच विनंति.